हेझलची आई

‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ म्हटलं की काही जण ‘रडकी लव्हस्टोरी’ म्हणून नाक मुरडतात, काही जण अजून तिच्या नायकाच्या, ऑगस्टसच्या प्रेमात असतात. मला दोन्ही पटत नाही. जॉन ग्रीनच्या या २०१२ च्या कादंबरीत मला सगळ्यात खरी वाटली ती नायिकेची, हेझलची आई.

ऑगस्टस मला झेपलाच नाही. हाडाच्या कॅन्सरमुळे पाय गेलेला, देखणा, तोंडात न पेटवलेली सिगरेट धरून ‘हे रूपक आहे’ असं समजावणारा. सतराव्या वर्षी इतकं पाठ करून आल्यासारखं कोण बोलतं? (मैत्रिणींनो, शिव्या इनबॉक्समध्ये द्या.)

आई बघा. इंडियानापोलिसमधलं घर. लेकीला थायरॉइडचा कॅन्सर, फुप्फुसांपर्यंत गेलेला, ऑक्सिजनचा सिलिंडर कायम सोबत. आणि ही बाई साजरं करायला निमित्तं शोधत असते. लेकीचा तेहेतिसावा अर्धा वाढदिवस! आधी हसू येतं. मग कळतं, इथे पूर्ण वर्षाचा भरवसा कोणाला आहे?

हेझल आयसीयूत अत्यवस्थ असताना ही आई नवऱ्याच्या छातीत तोंड खुपसून म्हणते, आता मी आई राहणार नाही. हेझलच्या कानावर ते पडतं आणि मनातून जात नाही.

हेझलच्या लाडक्या कादंबरीतली आजारी ॲना अर्ध्या वाक्यात थांबते, पुस्तक संपतं. ॲनाच्या आईचं पुढे काय झालं, हे लेखकाला विचारायला हेझल ॲमस्टरडॅम गाठते. लोकांच्या लक्षात राहतं तिथलं चुंबन! अहो, पोरगी स्वतःच्या आईची चौकशी करतेय. शेवटाकडे कळतं की आई गुपचूप सोशल वर्कची पदवी करतेय. आपल्या मरणानंतरची तयारी चाललीय असं लेकीला वाटेल, म्हणून लपवलेलं. हेझल मात्र खूश होते. माझं रडणं तिथे सुरू झालं, ऑगस्टसच्या वेळी नाही.

म्हणून या कादंबरीवरच्या हिंदी सिनेमावर, ‘दिल बेचारा’वर माझा राग आहे. २०२० मध्ये सुशांतचा शेवटचा सिनेमा म्हणून आपण सगळ्यांनी तो भरल्या डोळ्यांनी बघितला, तेव्हा कोणी काही बोललं नाही. इंडियानापोलिसचं जमशेदपूर झालं ते चाललं, ॲमस्टरडॅमचं पॅरिस झालं तेही चाललं. पण ॲनाच्या अर्धवट कादंबरीच्या जागी अपुरं गाणं आणलं, आणि ‘आईचं काय झालं’ हा प्रश्नच कापला गेला. गाणं अपुरं का राहिलं, एवढंच विचारायचं उरलं. स्वस्तिका मुखर्जीसारखी नटी आईच्या भूमिकेत हाताशी असताना!