लाईट आहे का तुमच्याकडे?

लाईट गेली की आधी खिडकीशी जावं. मेणबत्ती, बॅटरी, काडेपेटी सगळं नंतर. समोरच्यांकडे उजेड आहे का, हे पहिल्यांदा बघायचं. त्यांच्याकडेही अंधार असला तर जिवाला जो गारवा वाटतो, तो कुठल्या पंख्याला जमणारा नाही. त्यांच्याकडे उजेड असला तर मात्र अवघड आहे. मग बिघाड तुमचा, वायरमनच्या मागे फिरणं तुमचं, आणि वर ‘आमच्याकडे आहे बाई’ हेही तुम्हीच ऐकून घ्यायचं.

बोलताना ‘वीज गेली’ म्हणू नये. वीज आभाळात चमकते आणि बिलावर छापून येते. घरात येते-जाते ती लाईट.

मग फोन करावा. आमच्या बार्शीकडच्या गावात सबस्टेशनचा नंबर पाठ नाही असं पाचवीच्या पुढचं पोर सापडायचं नाही. चुकून उचलला गेलाच, तर पलीकडून दोन शब्द येतात, ‘वरून गेलीय.’ वर म्हणजे कुठे, असं विचारून आपलं अज्ञान उघडं करू नये. तुमच्या डीपीच्या, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, वर ११ केव्हीची लाईन, तिच्या वर ३३, तिच्याही वर १३२ आणि त्याच्या वर परमेश्वर. वळवाच्या दिवसांत तर काही विचारायचंच नाही. उन्हानं तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर चार थेंब पडले की तो तडकतो, आणि कुठल्या खांबावरचा तडकला ते शोधायला एक माणूस रात्री बॅटरी घेऊन चिखलातून निघतो. त्याला शिव्या देऊ नयेत, तो बहुधा कंत्राटी असतो. शिव्यासुद्धा वरच पाठवाव्यात.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची लाईट गेली होती. लोकल जागच्या जागी थांबल्या, परीक्षा पुढे गेल्या, चौकशा लागल्या, हा घातपात तर नाही ना इथपर्यंत चर्चा झाली. आमच्या लाईटला एवढा मान कुणी दिलेला नाही. बरोबरच आहे म्हणा, घातपात करायलासुद्धा आधी काहीतरी चालू असावं लागतं.

पण लाईट जाणं हा तसा सोपा विषय. गेली म्हणजे गेली, माणूस अंगणात बाज टाकतो. खरी कसोटी लाईट ‘असते’ तेव्हा लागते. नियमानं घरात २३० व्होल्ट यायला हवेत. आमच्याकडे संध्याकाळी सातला १५० येतात, तेही धापा टाकत. या १५० व्होल्टांना कमी लेखू नये, त्यांच्यामुळे घरबसल्या विज्ञान कळतं. व्होल्टेज तिसऱ्या हिश्शानं उतरलं तर हीटरची ऊबही तेवढीच उतरेल असं तुम्हाला वाटेल. ती निम्म्याच्याही खाली येते, कारण हा हिशेब वर्गाचा, म्हणजे व्होल्टेज गुणिले व्होल्टेजचा आहे. गुरुजींनी तो फळ्यावर शिकवला असेल, पण पटतो बादलीत हात घातल्यावर. जुना पिवळा बल्ब तर उजेडातला पाऊण वाटा सोडून देतो. आतली तार तेवढी लाल दिसते, आणि बल्ब लागलाय का हे बघायला मोबाईलची बॅटरी लावावी लागते. चोकवाली ट्यूब नुसती डोळे मिचकावते. एलईडी मात्र निर्लज्ज. तो १५० वरही लखलखतो, त्यामुळे गाडीत बसून रस्त्यानं जाणाऱ्या साहेबांना गाव अगदी सुखात दिसतं.

फ्रिज ‘घूंऽऽ’ करतो, तापतो, गप्प बसतो. पुन्हा घूं करतो. त्याच्या पाठीशी दुरडी ठेवली तर भाकरी कोमट राहते. ही सोय कंपनीनं पुस्तिकेत का छापली नाही कोण जाणे.

यावर स्टॅबिलायझर घ्यावा. भिंतीवर ती पेटी बसली की घरात दर पाच मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येतो आणि पाहुण्यांसमोर आपली प्रतिष्ठा वाढते. पेटीच्या पोटात व्होल्टेजचं झाड आहे असा काहींचा समज असतो, तो दूर करू नये. ती बिचारी १५० चे २३० करते ते तारेतून दीडपट करंट ओढून. म्हणजे तुमचा फ्रिज सुरू झाला की शेजारच्यांचे १५० चे १४५ होतात. मग शेजारी तुमच्यापेक्षा मोठा स्टॅबिलायझर आणतात. मग तुम्ही. आमच्या गल्लीत आता अकरा पेट्या आहेत, रात्री जेवताना टकटक ऐकत बसलं की घड्याळजीच्या दुकानात राहायला आल्यासारखं वाटतं, आणि व्होल्टेज १३० आहे.

शेतात मोटर असेल तर तिला ऑटो बसवणं आलंच. लाईट रात्री दोनला येणार, उसात पाणी तुमचं तुंबणार, बिबट्याचं नाव निघालेलं. कोण जाणार स्टार्टरचं बटण दाबायला? ऑटो असला की लाईट आल्याबरोबर मोटर आपोआप उठते. तुमची उठते, वरच्या मळ्यातली उठते, ओढ्यापलीकडच्या चौदा उठतात, सगळ्या एकाच सेकंदाला. सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच-सहापट करंट मागते. डीपी तो झटका सोसते, किंवा सोसत नाही. सोसत नाही तेव्हा फ्यूज उडतो, आणि दोनला आलेली लाईट दोन वाजून एक मिनिटानं जाते. ‘आली होती हो, मी बघितली,’ असं मग दुसऱ्या दिवशी पारावर सांगता येतं. धूमकेतू बघितल्यासारखं.

फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालावी. असं करणारा एक धाडसी गडी प्रत्येक गावात असतो. तार जाड झाली की फ्यूज उडायचा थांबतो आणि उडायची जबाबदारी डीपीवर येते. ती जळली की वर्गणी काढायची, कुणाचा तरी ट्रॅक्टर घ्यायचा, जळकी डीपी तालुक्याला न्यायची आणि दुसरी मिळेपर्यंत तिथल्या बाकावर बसून थकबाकीवरचं भाषण ऐकायचं. हे सगळं वेळखाऊ वाटतं, पण गावात एकी राहते ती यानंच. गणपतीतसुद्धा एवढे लोक एका ट्रॉलीत बसत नाहीत.

गिरणीचं मी बोलत नाही. तिला थ्री फेज लागते, आणि दळणाच्या डब्यांची रांग बघून गावात कोणाकडे किती माणसं जेवायला आहेत हे आमच्याकडे जनगणनेच्या आधी कळतं.

पैसे असतील तर इन्व्हर्टर घ्या. १५० एएचची बॅटरी दिवाणखान्यात ठेवा, तिला वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर पाजा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या औषधाची वेळ चुकली तर चालेल, ती कुरकुरत का होईना समजून घेतात, बॅटरी घेत नाही. आता गंमत बघा. लाईट आली की सगळी इन्व्हर्टरं आपापल्या बॅटऱ्या भरायला बसतात, म्हणजे व्होल्टेज पुन्हा खाली. बॅटरीत घातलेल्या विजेतली काही भरताना-काढताना वाया जाते, तिचे युनिट मीटरवर पडतात. लाईट जितकी जास्त जाईल तितकं बिल वाढेल, असं हे यंत्र तुम्ही स्वतःच्या पैशानं घरात आणलेलं असतं.

बिल आलं की बारकाईनं वाचावं. त्यात ‘स्थिर आकार’ नावाची एक ओळ आहे. लाईट असो वा नसो, ती ओळ असते. घरात तेवढं स्थिर दुसरं काही नाही. त्याखाली १६ टक्के वीज शुल्क असतं, त्याचंही व्होल्टेज कधी उतरलेलं मी पाहिलेलं नाही.

हक्क वगैरे माहीत असलेले बरे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. प्रत्येक ग्राहकाला २४ तास वीज मिळाली पाहिजे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पुढच्याच वाक्यात, शेतीसारख्या काही ग्राहकांसाठी राज्याचा वीज आयोग कमी तास ठरवू शकतो, असंही तितकंच स्वच्छ लिहिलंय. ठरलेल्या वेळेत पुरवठा सुरू झाला नाही तर भरपाईची तरतूद आहे. ती वेळ शहराला कमी आणि खेड्याला जास्त, कारण खेड्यातल्या माणसाला अंधाराची सवय असते. नियमांची छापील प्रत घरात ठेवावी. कागद चांगला जाड निघाला तर वारा घालायला होते.

परवा आमची डीपी पुन्हा बसवली. वायरमन खांबावरून उतरला, हात पुसले आणि म्हणाला, ‘हे बघा, लाईट सोडतोय. ऑटो सगळ्यांनी काढून ठेवा. एकेकानं मोटर लावा, दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं. नायतर हीपण जाईल.’ जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमच्याकडे अशी वेळ आली तर तुम्हीही डोलवा, जोरात डोलवा. आणि घरी जाताना मळ्यावरून जा. ऑटो चालू आहे ना, तेवढं बघून घ्या. बाकीचे आधीच गेलेत बघायला.