‘एकदाच रेकॉर्ड करा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

देशातल्या नामांकित प्राध्यापकांची लेक्चरं एकदाच रेकॉर्ड करून सगळ्या मेडिकल आणि सायन्स कॉलेजांना पाठवा, शिक्षकांच्या तुटवड्याचा प्रश्न मिटला, असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. ऑनलाइन शिक्षण मला मनापासून हवं आहे, म्हणूनच हा दावा खोडून काढतो.

‘लेक्चर उत्तम, तर शिकणं उत्तम.’ हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सफाईदार लेक्चर ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. चाचणीत पुढे गेले ते वर्गात स्वतः गणितं सोडवणारे. म्हणजे ‘सर, छान समजलं’ या अभिप्रायावर कोर्स बेतायचा नाही.

मग कशावर बेतायचा? ॲसिड-बेसचं, म्हणजे रक्तातल्या आम्ल-अल्कलीच्या तोलाचं उदाहरण घ्या. पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ थांबतो आणि रक्ततपासणीचा एक रिपोर्ट समोर येतो: पीएच ७.३०, कार्बन डायऑक्साइडचा दाब २५, बायकार्बोनेट १२. दाब कमी दिसला की कच्चा विद्यार्थी ‘रेस्पिरेटरी अल्कलोसिस’वर (जास्त श्वासामुळे रक्त अल्कलीकडे झुकणं) टिक करतो. पीएच आम्लाकडे झुकलाय, हे त्याच्या नजरेतून सुटलेलं असतं. मूळ बिघाड मेटाबॉलिक ॲसिडोसिसचा, म्हणजे श्वासामुळे नव्हे तर इतर कारणानं रक्त आम्लाकडे झुकल्याचा. रुग्ण जोरजोरात श्वास घेऊन तो भरून काढतोय. अशा वेळी कार्बन डायऑक्साइडचा दाब किती अपेक्षित? बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८ म्हणजे २६, दोन इकडेतिकडे. २५ त्यात बसतो. चुकीचा प्रत्येक पर्याय असा एकेका गैरसमजावर बेतलेला हवा, आणि तो निवडणाऱ्याला नेमकं कुठे चुकलं ते तिथेच कळायला हवं. खरं डिझाइन ते हेच. कॅमेरा, स्टुडिओ सगळं त्यानंतर.

‘व्हिडिओ कितीही वेळा बघता येतो.’ येतो की! पण २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे असतात. आठवडाभरानं पुढे असतात ते न बघता आठवून लिहिणारे. एमबीबीएसची मुलं दुप्पट वेगानं व्हिडिओ संपवतात, त्याला उजळणी म्हणू नये.

‘प्रॅक्टिकलही व्हिडिओवर भागेल.’ हे तर धोक्याचं आहे. प्लीहा (स्प्लीन) तपासताना हात उजव्या इलिअक फॉसापासून, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून, डाव्या बरगडीकडे तिरका न्यायचा, रुग्णाच्या प्रत्येक श्वासागणिक थोडा पुढे. थेट बरगडीखाली सुरुवात केली तर खूप वाढलेल्या प्लीहेची कडा मागेच राहते आणि ती हाताला लागत नाही. बोटांचा दाब किती, दुखतंय का म्हणून नजर रुग्णाच्या चेहऱ्याकडे आहे का, हे खाटेशेजारी उभा राहिलेला शिक्षकच सुधारू शकतो. क्रम आदल्या रात्री व्हिडिओतून शिकवावा. वॉर्डातला वेळ मग हात बसवायला मिळतो.

‘स्वस्त पडेल.’ चित्रीकरण स्वस्त पडतं, हे मान्य. पण वर लिहिलं तसे प्रश्न तयार करायला, दरवर्षीची उत्तरं बघून ते दुरुस्त करायला आणि अर्धा वर्ग अल्कलोसिसवर अडकला तर दुसऱ्या दिवशी तेवढाच भाग पुन्हा घ्यायला त्या-त्या कॉलेजात शिक्षक लागतात. तेव्हा रेकॉर्डिंगं आली म्हणून भरतीची एकही जाहिरात मागे घेऊ नका.