पुण्यात मत्स्यालय हवं, आणि ते आपल्या समुद्राचं हवं

रविवारी आईला आणि भाच्याला घेऊन मैदानावर लागलेलं बोगद्याचं मत्स्यप्रदर्शन पाहून आले. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

बोगद्यात शिरलो आणि डोक्यावरून एक पाकट मासा सरकत गेला, पोट पार काचेला चिकटवून. भाचा ओरडला, "मावशी, हसतोय बघ तो!" खालून खरंच चेहरा दिसतो, दोन डोळे आणि एक तोंड. आई म्हणाली, "ते डोळे नव्हेत रे, नाकपुड्या. डोळे वर, पाठीकडे. तो वाळूत दडून बसतो, खाली डोळे असून काय बघणार?" मग तिने त्याला तोंडामागच्या कल्ल्यांच्या फटी मोजायला लावल्या. दोन्ही बाजूंना पाच-पाच. शेपटीवरचा काटा दाखवला. उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूतून घासत न्यायचं, म्हणजे पाकटाला चाहूल लागते आणि तो निघून जातो, हेही सांगितलं. मागची तीन-चार पोरं आईबापांसकट तिथेच थांबून ऐकायला लागली.

आईचं माहेर हर्णैचं. बंदरावरच्या लिलावात वाढलेली ती. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

टाकीवरच्या पाटीवर काय होतं? इंग्रजीत 'स्टिंगरे'. बस्स. पाकट हा शब्द कुठेही नाही. पुढच्या टाकीत मोरे ईल सारखी तोंडाची उघडझाप करत होती आणि लोक "चिडलीय बघ" म्हणून मुलांना घाबरवत होते. अहो, ती श्वास घेते तशी! तोंडाने पाणी आत घ्यायचं, कल्ल्यांवरून सोडायचं. हे सांगायला तिथे एक माणूस नव्हता. आणि सगळ्यात मोठी टाकी अ‍ॅमेझॉनच्या अरापायमाला. मासा भव्य आहे, हवा घ्यायला वर येतो ते बघण्यासारखंच आहे. पण सातशेहून जास्त किलोमीटरचा किनारा असलेल्या राज्यात आपला समुद्र कुठे होता?

फिरत्या प्रदर्शनांचा मला मुळात त्रास होतो तो माशांसाठी. पुण्यात समुद्राचं पाणी तयार करावं लागतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. तेही पुरत नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजायला कित्येक आठवडे लागतात. टाकी जेमतेम जुळून येते आणि तंबू उठतो.

म्हणून कायमचं मत्स्यालय हवं. मुंबईचं तारापोरवाला १९५१ मध्ये सुरू झालं, कित्येक पिढ्यांनी समुद्र पहिल्यांदा तिथे आतून पाहिला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते बंद झालं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. पुण्यात ते जसंच्या तसं नको. एक टाकी ओहोटीच्या कातळाची असू दे: कालवं, समुद्रफुलं, रिकाम्या शंखात संसार थाटणारा खेकडा. एक खारफुटीची, चिखलावर परांनी चालणाऱ्या निवटीची. मालवणकडच्या प्रवाळाची माहिती असू दे, कारण तो दगड नाही, प्राणी आहे, हे मलाही कॉलेजात गेल्यावर कळलं. पाट्यांवर कोळ्यांच्या तोंडची नावं मोठ्या अक्षरांत. आणि माहिती सांगायला किनाऱ्यावरच्याच मासेमार घरांतली माणसं, चांगल्या पगारावर. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झालं, पण पुण्यातल्या किती मुलांनी ते ताटाबाहेर पाहिलंय?

उद्यान खात्यात किंवा मत्स्य खात्यात कुणी ओळखीचं असेल तर कृपया मला सांगा. मी रीतसर पत्र लिहिणार आहे, सह्याही गोळा करेन.

परतताना रिक्षात भाच्याने विचारलं, "आजी, निवटी चालते म्हणजे कशी?" आईने दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकले आणि पुढे सरकवून दाखवले. येत्या अमावस्येला ओहोटी मोठी असेल, तेव्हा आम्ही तिघं हर्णैला जातोय.