सर्टिफिकेटच्या पलीकडे

इंग्रजी शिक्षकांच्या संघटना म्हणजे नुसती अधिवेशनं आणि प्रमाणपत्रं, असं एका लेखात वाचलं. अर्धं खरं आहे. मीही एका चर्चासत्राला गेलो होतो. जेवणानंतर निम्मा हॉल रिकामा, सर्टिफिकेटच्या टेबलापाशी मात्र ही रांग! पण १९७४ साली मद्रासमध्ये सुरू झालेली एल्टाय ही भारतातल्या इंग्रजी शिक्षकांची संघटना आजवर टिकली ती काही जेवणावळींवर नाही. तिच्या नियतकालिकात वर्गात शिकवणारे स्वतः लिहितात.

आपल्याकडे २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा मराठीतून डीएड केलेले आम्ही पुस्तक हातात घेऊन बावचळलो होतो. पुढे इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीच्या सरकारी तेजस प्रकल्पात शिक्षकांचे गट जमू लागले. तिथे एका बाईंनी रिकामी काडेपेटी आणि खडूचा तुकडा घेऊन 'इन, ऑन, अंडर' शिकवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात तेच केलं, तर एरवी तोंड न उघडणारा पोरगा ओरडला, "सर, चॉक अंडर!" व्याकरण गेलं खड्ड्यात, पोरगं बोललं.

संघटनेची वर्गणी भरायची ती अशा गोष्टींसाठी. फक्त अधिवेशनं सुट्टीत ठेवा हो, शाळेच्या दिवसांत रजा मिळता मिळत नाही.