अनुभवावर मेसचं बिल भागत नाही

‘अनुभव हेच मानधन. राहण्या-जेवणाची सोय स्वतः करावी. स्वतःची दुचाकी असल्यास प्राधान्य.’ निसर्ग संवर्धनातल्या इंटर्नशिपच्या अशा जाहिराती दर उन्हाळ्यात व्हॉट्सअॅपवर फिरतात. अर्ज कोण करणार हे ठरलेलंच असतं. ज्याच्या घरून महिन्याला आठ-दहा हजार येऊ शकतात, तोच.

बाकीच्यांचं काय होतं ते सांगते. माझी एक विद्यार्थिनी, बीएस्सी वनस्पतिशास्त्र, घरी मेंढरं. माळावर मीटरभराची चौकट टाकून आम्ही गवतं मोजत होतो. फुलोरा आलेला नाही म्हणून बाकीची पोरं अडली. हिने नुसती पेरावरची लव बघून मारवेल ओळखला, पुढे पवन्या, डोंगरी करत सुटली. सलवारीत कुसळं घुसलेली, त्याची शुद्ध नाही. आज ती एमआयडीसीत पॅकिंगला आहे. घरी पैसे लागतात हो!

आणि काम काय कमी आहे? घाणेरी, रानमोडी ही बाहेरून येऊन माजलेली झुडपं उपटायला मजूर मिळतात, पण उपटल्यावर तिथे काय उगवतंय याची नोंद दोन-तीन पावसाळे कोण ठेवणार? जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखालच्या लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची गावानेच केलेली नोंद, कितीतरी गावांत एकदा लिहून कपाटात गेल्या. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना जंगलाचे व्यवस्थापन आराखडे करायचेत. तिथे वनस्पती ओळखणारा, जीपीएस चालवणारा आणि गावात चार महिने राहू शकणारा पदवीधर हवाच.

शिकागो बोटॅनिक गार्डन २००१ पासून नव्या पदवीधरांना पगारी इंटर्न म्हणून अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सरकारी जमिनींवर पाठवत आलंय, देशी झाडागवतांचं बी गोळा करायला, दुर्मीळ वनस्पतींवर लक्ष ठेवायला. त्याच्याही आधी, १९३३ च्या मंदीत, तिथल्या सरकारने बेकार तरुणांना जंगल-जमिनीच्या कामावर घेतलं. पगार महिना ३० डॉलर, त्यातले साधारण २५ परस्पर घरी. मला या योजनेतलं हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

अर्थात आपल्याला हे अमेरिकेने शिकवायला नको. १९७२ च्या दुष्काळात आपणही बांधबंदिस्तीला मजुरी दिलीच होती. आज मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत (२०२४) पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन आहे. माझ्या ओळखीतली पोरं मात्र त्यात टेबलामागेच बसली. त्यांतली चार माळावर पाठवली असती तर काय बिघडलं असतं?

‘पैसे दिले की पैशासाठीच येतील,’ असं एका संवर्धनवाल्या मित्राने मला ऐकवलं. स्वतः पगार घेतो तो. येऊ देत की पैशासाठी! काम चोख करतात का, ते बघा.

तर, कुणाकडे मानधनाची जागा असेल, पाच-सात हजारांची का असेना, तर कमेंटमध्ये रक्कम आणि राहायची सोय स्पष्ट लिहा. माळावरची बरीच गवतं ऑक्टोबरच्या आसपास बी धरतात, त्यामुळे गणपतीच्या आधी कळलं तर पोरांना सांगता येईल.