कोजागिरीचं दूध आणि सुक्काचा मांडव

गेल्या मार्चमध्ये पुण्याहून भाच्याचा फोन आला. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे तो. त्याच्या वर्गातल्या काही मुलांनी ईद-मिलनासाठी कॉलेजचा हॉल मागितला होता आणि ‘शिक्षणसंस्थेत धार्मिक कार्यक्रम नकोत’ असा शेरा मारून अर्ज परत आला होता. त्याच हॉलमध्ये दसऱ्याला सरस्वतीपूजन झालेलं. घरच्या ग्रुपवर दोन दिवस वाद पेटला. एक बाजू म्हणे, कॉलेजात कुठलाच धर्म नको. दुसरी म्हणे, सरस्वतीपूजन ही आपली संस्कृती, त्यात धर्म कुठे आला? भाचा मला म्हणाला, “मावशी, तुझ्याकडे काय करतात ते सांग.”

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात, विद्यार्थी-उपक्रमांच्या ऑफिसात काम करते. मुलांना हॉल कसा मिळवायचा, पैसे कुठून आणायचे, सोबतीला कोणाला घ्यायचं, हे सांगणं ही माझी नोकरी. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. ऑक्टोबरनंतर आलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. ज्यू, न्यू जर्सीत वाढलेली, आडनाव मात्र कोकणातल्या गावावरून आलेलं, शेवटी ‘कर’. आजी ठाण्याची. म्हणजे बेने इस्रायल, कोकणात पिढ्यान्पिढ्या राहिलेला मराठी बोलणारा ज्यू समाज. मी अलिबागची. शाळेत जाताना रोज इस्रायल आळी लागायची आणि त्यातल्या म्हाताऱ्यांना माझी आजी ‘शनिवार तेली’ म्हणायची, कारण तेलाचा घाणा चालवणारी ही माणसं शनिवारी बैल जुंपत नसत. त्या मुलीला मराठीतले चारच शब्द येत होते आणि त्यातले दोन सणांचे होते: नव्याचा सण आणि होळीचा सण. पहिला म्हणजे रोश हशाना, ज्यूंचं नवं वर्ष. दुसरा म्हणजे पुरिम, होळीच्या सुमाराला येणारा ज्यूंचा सण. आजीकडून आलेली ही नावं ऐकून मी खुर्चीतून उठून तिला जवळच घेतलं.

तिला सुक्कोत करायचा होता. या सणात उघड्या आकाशाखाली मांडव घालतात, त्याला सुक्का म्हणतात, आणि सात दिवस त्यात जेवतात. छप्पर कापून आणलेल्या झाडपाल्याचंच हवं आणि त्यातून चांदण्या दिसायला हव्यात. मी कॅलेंडर उघडलं. 6 ऑक्टोबर 2025, सोमवार, संध्याकाळी सुक्कोत सुरू. त्याच दिवशी कोजागिरी. ज्यूंचं पंचांगही आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे, एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरतं, म्हणून त्यांचा तिश्री आणि आपला आश्विन बहुतेक वर्षी एकाच अमावास्येनंतर लागतात. 2025 मध्ये त्यांचं नवं वर्ष आणि आपली घटस्थापना 22 सप्टेंबरलाच आली होती. मग ठरलं, सुक्काच्या मांडवात कोजागिरीचं दूध.

कॅम्पसवर ज्यू कार्यक्रम म्हटला की सगळे पहिल्यांदा हिलेलकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. ज्यू विद्यार्थ्यांची ही संस्था 1923 साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली, तेव्हा देशातली काही नामांकित विद्यापीठं ज्यू मुलांची संख्या कशी कमी ठेवता येईल याच्या खटपटीत होती. आज शेकडो कॅम्पसवर त्यांची शुक्रवारची जेवणं असतात. दुसरं घर खबादचं, म्हणजे ज्यूंच्या एका परंपरानिष्ठ धार्मिक चळवळीचं. 1969 साली लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाजवळ त्यांनी पहिलं केंद्र काढलं. मुंबईकराला खबाद म्हटलं की 26/11 चं नरिमन हाऊस आठवतं. मी खबादच्या दारातून आत जाते तेव्हा मला दर वेळी आठवतं.

पण फक्त हिलेलच्या इमारतीत कार्यक्रम केला तर तिथे नेहमी येणारीच मुलं येतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. म्हणून मी प्रत्येकाला विचारते, तुझ्याकडे जे नाही ते कॅम्पसवर कोणाकडे आहे? या मुलीला छप्पर हवं होतं. आमच्या विद्यापीठाला कृषी महाविद्यालय आहे, आणि ऑक्टोबरात त्यांच्या शेतावर मका उभा असतो. शेताच्या व्यवस्थापकाला तिने पत्र लिहिलं, सण काय आहे ते समजावलं. सोमवारी सकाळी ट्रकभर मक्याची ताटं आली आणि तो स्वतः ती बांधायला थांबला. जागा ग्रंथालयासमोरच्या हिरवळीवर, झाडाच्या सावलीपासून दूर, कारण वर फांदी आली तर सुक्का चालत नाही. अग्निसुरक्षेच्या माणसाला भिंतींचं कापड आग न धरणारं हवं होतं आणि इमारतीपासून अंतर हवं होतं. त्याने ताटांना हात लावून पाहिलं, मोजपट्टी धरली, सही केली. दुर्मीळ पुस्तकं सांभाळणाऱ्या ग्रंथपाल बाईंनी 1874 साली पुण्यात छापलेल्या हगादाच्या पानांची चित्रं मोठी करून दिली. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायचं हे पुस्तक हिब्रू आणि मराठीत छापलेलं, आणि त्यातल्या चित्रांत बायका साड्या नेसून मात्झा, म्हणजे त्या सणाची बिनखमिराची भाकरी, लाटताना दिसतात. ती चित्रं पाहून मराठी विद्यार्थी मंडळाची मुलं आपणहून पुढे आली.

खरी कसोटी दुधाची. मी घरून पातेलं आणते म्हणाले, तर हिलेलच्या स्वयंपाकघरातल्या काकांनी हात जोडले. कोशर, म्हणजे ज्यूंचे आहारनियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघरात दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी, आणि बाहेरचं भांडं आत येत नाही. मांस खाल्ल्यावर दूध चालत नाही, म्हणून अख्खं जेवण शाकाहारी करावं लागलं. आमच्या मंडळाच्या मुलांना तर ते फारच सोयीचं. सणाची पहिली रात्र म्हणजे लिहायचं नाही, विजेचं बटण दाबायचं नाही, फोन नाही. म्हणून दूध सूर्यास्ताआधी, त्यांच्याच दुधाच्या पातेल्यात, त्यांच्या देखरेखीखाली आटवलं. केशर, वेलची, जायफळ मी दिलं, प्रत्येक डबीवरचं कोशरचं चिन्ह त्यांनी तपासून घेतलं.

आणि मग हजेरी. आमच्या ऑफिसचा नियम असा की ज्या कार्यक्रमाला विद्यार्थी-निधी मिळतो तिथे दारात ओळखपत्र यंत्रावर फिरवायचं. सण पाळणारी मुलं ते करू शकत नाहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी कार्यक्रम, तीच दाराबाहेर. यावर मी माझ्याच ऑफिसात भांडले. शेवटी आधी नावं घ्यायची आणि दारात नुसत्या खुणेचे मणी बरणीत टाकायचे असं ठरलं. आता हा पर्याय सगळ्याच संघटनांना खुला आहे.

हा निधी कसा चालतो ते मुद्दाम सांगते, कारण भाच्याच्या प्रश्नाची गाठ इथे आहे. इथल्या मुलांच्या फीमध्ये उपक्रमांसाठी ठरावीक रक्कम असते आणि विद्यार्थी प्रतिनिधी ती वाटतात. 1995 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतर मासिकांना छपाईचे पैसे देता, तर ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या मासिकाला ते केवळ धार्मिक आहे म्हणून नाकारता येणार नाहीत. 2000 साली विस्कॉन्सिनच्या खटल्यात म्हटलं की फी सक्तीने घ्या, पण वाटताना कोणाचं मत काय हे पाहायचं नाही. आपल्या घटनेचं कलम 28 पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देऊ नका म्हणतं. मुलांनी स्वतःहून हॉल मागून गोडधोड वाटणं हे धर्मशिक्षण नव्हे, असं माझं ठाम मत आहे. हॉल द्यायचा तर एकाच अर्जाने, एकाच नियमाने सगळ्यांना द्या. नाही म्हणायचं तर दसऱ्यालाही म्हणा.

इथे सगळं आलबेल आहे असं मी भाच्याला सांगितलं नाही. आमच्या कार्यक्रमातून एक विद्यार्थी संघटना दहा दिवस आधी बाहेर पडली. ऑक्टोबर 2023 पासून गाझाच्या युद्धाने कॅम्पसवरची मैत्री फाटली आहे. हिलेलच्या केंद्रीय संस्थेचे भागीदारीचे निकष आहेत, इस्रायलवर बहिष्कार घालू म्हणणाऱ्या गटांबरोबर ते काम करत नाहीत. आणि समोरचे काही गट हिलेलचं नाव असलेल्या फलकावर आपलं नाव घालत नाहीत. ती मुलगी माझ्या ऑफिसात रडली. “मला मांडव घालायचाय, आणि लोक मला आधी युद्धाबद्दल विचारतात,” म्हणाली. एकोणीस वर्षांच्या पोरीला जेवायला बसण्याआधी एका देशाचा हिशेब द्यायला लावणं मला मान्य नाही. त्याच वेळी, बाहेर पडलेल्या मुलांच्या मनातलं दुःखही मी नाकारत नाही. म्हणून जागा हिलेलची न घेता हिरवळीची घेतली. फलकावर कोणाचं नाव नाही, फक्त ‘या’ एवढंच. त्या संघटनेतले तिघे आपले आपले आले. फार बोलले नाहीत. दूध घेतलं.

साडेसहाच्या सुमाराला सूर्य मावळला. मक्याच्या ताटांतून चंद्र दिसायला पुढे तासभर गेला. मंडळातला नागपूरचा मुलगा दुधाचे पेले भरत होता आणि त्या मुलीच्या खबादमधल्या मैत्रिणीला ‘को जागर्ति’चा अर्थ सांगत होता. फोटो एकही नाही, फोन चालत नव्हतेच.

भाच्याला मी हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं कॉलेज बदलायला मी बसले नाही, पण वाद फक्त परवानगीचा ठेवू नकोस म्हटलं. अर्जावर एकट्या मुस्लिम मुलांची नावं होती. मराठी वाङ्मय मंडळ, एनएसएस, कँटीनवाले, ग्रंथालय, कोणाला विचारलं होतं का? नव्हतं. प्राचार्यांकडे जाताना सरस्वतीपूजन करणारी मुलं बरोबर असतील का? त्याला माहीत नव्हतं. मग म्हणाला, विचारतो.

काल त्याचा निरोप आला. पूजेच्या समितीतली दोघं अर्जावर सही करायला तयार आहेत. ग्रंथपाल सरांना ते सोमवारी भेटणार आहेत, मराठीतले मुस्लिम संतकवी शेख मोहंमद श्रीगोंदेकर यांच्या अभंगांचं काही मांडता येईल का ते पाहायला.