मनोरा दिसत नाही

माझं बालपण शुक्रवार पेठेत गेलं. मंडईच्या आसपास मी रस्ता चुकेन, हे कोणी म्हटलं असतं तर त्याच्याशी मी बोलणं टाकलं असतं. लहानपणी कुठेही भरकटलो तरी मान वर करायची, मंडईचा मनोरा शोधायचा, की घर सापडलं. १८८६ पासून बिचारा तिथेच उभा आहे. ज्या महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत या इमारतीच्या खर्चाला विरोध केला, त्यांचंच नाव पुढे तिला मिळालं; पण मनोऱ्याने जागा सोडली नाही.

आता राहतो चिंचवडला. दिवाळीआधी सौभाग्यवतींनी फर्मावलं, "तुळशीबागेतून सोऱ्याची चकती आणा. चकलीची. शेवेची नको." म्हटलं, मेट्रोने जाऊ. सप्टेंबर २०२४ पासून ती पेठांखालून स्वारगेटपर्यंत जाते.

शिवाजीनगरच्या अलीकडे गाडीने जमिनीत बुडी मारली. न्यायालयाचं स्थानक तर ३३ मीटर खोल; तारखा पडून पडून खड्डा झाला असावा. पुढे वरून मुठा गेली, तेव्हा सवयीने हात रुमालाकडे गेला.

मंडईला उतरलो. एक सरकता जिना, एक वळण, दुसरा जिना, पुन्हा वळण. तिसऱ्या वळणावर लक्षात आलं की पूर्व हरवली. मान वर केली. वर छत. मोबाइलमधल्या नकाशातला निळा ठिपका मुकाट्याने बसून होता. भिंतीवर बाणांच्या पाट्या होत्या, पण आपल्याच गल्लीत पाटी वाचून चालायचं? शुक्रवार पेठेची काही अब्रू आहे की नाही!

छाती काढून निघालो तो पुन्हा फलाटावर. समोर गाडी. दारं बंद होईपर्यंत लोकांच्या रेट्याने मी आत, आणि थेट स्वारगेट. तिथून उलट आलो. या वेळी पाट्या वाचल्या. चोरून, चष्मा पुसण्याच्या निमित्ताने.

वर आलो. ऊन, हॉर्न, रिक्षा, कोथिंबिरीचा वास. सगळं ओळखीचं, फक्त उलटं लावलेलं. शेवटी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. लिंबं निवडणाऱ्या एका गृहस्थांना हळूच विचारलं, "मंडई कुठे आली हो?"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. एक लिंबू दाबलं, परत ठेवलं.

"कुठून आलात?"

"चिंचवड."

"तरीच." आणि हनुवटी माझ्या खांद्यावरून मागे उडवली. वळून पाहिलं. मनोरा इतका जवळ होता की त्याच्याच सावलीत मी उभा होतो.

चकती मिळाली. शेवेची निघाली, ते घरी कळलं.

परतताना पिशवी सांभाळत फलाटाकडे निघालो, तर एका तरुण जोडप्याने अडवलं. "काका, तुळशीबागेला कुठल्या बाजूने बाहेर पडायचं?"

आता, पुणेकराला पत्ता विचारल्यावर "माहीत नाही" असं उत्तर येत नाही. हात आपोआप वर गेला. "हे असं सरळ, पहिला जिना सोडा, मग डावीकडे. इथलाच आहे मी, शुक्रवारातला."

ती दोघं आभार मानून भराभर गेली. मग माझी नजर त्यांच्या डोक्यावरच्या पाटीकडे गेली. तुळशीबागेचा बाण नेमका उलट्या दिशेला होता. हाक मारणार होतो, पण खालून गाडी आल्याचा आवाज झाला.